संध्याकाळचं माप

मंगळवार, १४ मे २०२४
लडाख, हानलेच्या अलीकडे

बाबा,

जय भीम. अक्षर ओळखून पाकीट न फोडताच ठेवून द्याल, म्हणून वरच लिहिणार होतो की मी काही मागत नाहीये. पण पोस्टमन वाचेल म्हणून नाही लिहिलं.

पत्ता दीक्षाताईनं दिला. तिला रागावू नका, मी चार वेळा मागितला तेव्हा एकदा दिला. तुम्ही रिटायर झालात आणि खडकीचं क्वार्टर सोडून बिबवेवाडीला राहायला गेलात, तेही तिच्याकडूनच कळलं. फोन तुम्ही उचलत नाही. आणि इथं रेंज हवी तर अकरा किलोमीटर जावं लागतं.

मी रस्त्याच्या सर्वेवर आहे. हेल्पर. दोन मीटरचा पोल असतो, त्याच्या टोकाला थाळीसारखं मशीन. ते वरच्या उपग्रहांशी बोलतं आणि आपण पृथ्वीवर नेमके कुठं उभे आहोत ते सांगतं. पोल धरायचा, सरळ ठेवायचा, हातातल्या स्क्रीनवर ‘फिक्स’ असं आलं की तिथं खुंटी ठोकायची. ‘फ्लोट’ आलं तर नाही ठोकायची. फ्लोट म्हणजे मशीन अंदाजानं बोलतंय. फिक्स येईपर्यंत उभं राहायचं, कधी दोन मिनिटं, कधी वीस. मला एका जागी उभं राहता येत नाही हे तुम्हाला माहीतच आहे. पण शिकलो.

आमचे साहेब केदार सर, सदाशिव पेठेतले. इतक्या उंचीवर श्वास पुरत नाही, पण टोमणे मारायला पुरतो. दुसरा हेल्पर पोपट, इंदापूरकडचा. आम्ही तिघं आणि खानसामा, सगळे तंबूत. वारा उत्तरेकडून येतो म्हणून तंबूंची दारं दक्षिणेला केलीत.

पत्र लिहायचं कारण सूर्य. हसू नका. तुम्ही पेपर रोज शेवटच्या पानापर्यंत वाचता, तेव्हा वाचलं असेल. गेल्या आठवड्यात सूर्यावर एक मोठा डाग होता आणि तिथून लागोपाठ उद्रेक झाले. केदार सरांनी सांगितलं की सूर्याचा उजेड आपल्याकडं आठ मिनिटांत येतो, पण त्यानं फेकलेला तापलेला वायू यायला दोन-दोन दिवस लागतात. तो शुक्रवारी रात्री येऊन पृथ्वीवर आदळला. वीस वर्षांत एवढं मोठं सौर वादळ झालं नव्हतं म्हणे. इथं उत्तरेच्या डोंगरामागं आभाळ लाल झालं. पोपटनं मला हलवलं, “आरं ऊठ की, आभाळात कुनी गुलाल उधळलाय बघ!” मी अंथरुणातूनच दार बाजूला सारून पाहिलं. असं लाल, की भट्टीचं झाकण किलकिलं ठेवल्यासारखं. कायम लक्षात राहील.

पण खरी गंमत शनिवारी झाली. वादळानं वरची हवा ढवळली, आणि उपग्रहाचा सिग्नल त्या हवेतूनच खाली येतो. तो रेंगाळतो, वाकडा होतो. मशीनला वाटतं अंतर जास्त आहे. दहा वाजल्यापासून ते असं नाचायला लागलं की विचारू नका. केदार सर डोकं दुखतंय म्हणून तंबूत पडून होते. मी आणि पोपटनं चौदा खुंट्या ठोकल्या. रविवारी त्या रेषेत भिंतीचा पाया खणला. सोमवारी सरांना वादळाची बातमी कळली, त्यांनी परत मोजलं, तर अख्खी रेषा सव्वा मीटर सरकलेली. गावातल्या एका म्हातारीच्या शेताला जाणारा पाण्याचा पाट त्या खणण्यात तुटला. काम थांबलं. सरांनी रिपोर्ट लिहिला: सौर वादळामुळे उपकरणात दोष. कुणाची चूक नाही.

आणि बाबा, माझी तर नाहीच. आमच्याकडे नियम आहे. एक पक्की खूण असते, खडकात बसवलेली पितळी टिकली. सकाळी काम सुरू करताना पोल तिच्यावर टेकवायचा, आकडा लिहायचा. संध्याकाळी काम संपल्यावर परत तिथंच यायचं, परत लिहायचं. दिवसभर मशीन खरं बोललं की नाही ते त्यातून कळतं. तुमच्या फॅक्टरीत गेज सकाळ-संध्याकाळ मास्टर पीसला लावून बघायचे, तसंच. सकाळचा आकडा, म्हणजे खुणेची उंची, ४१८७.२३६ मीटर. संध्याकाळचाही ४१८७.२३६. शेवटच्या मिलिमीटरपर्यंत तोच. वहीत आहे, वर सरांची सही आहे. तेव्हा तुमच्या मुलानं चोख काम केलं, सूर्यानं घाण केली.

तुम्हाला हेच सांगायचं होतं. पेढ्यांच्या त्या प्रकारानंतर तुम्हाला वाटत असेल की मी जाईन तिथं तेच करतो.

पुण्यात काही जाणवलं का वादळाचं? रिक्षावाल्याच्या मोबाइलनं भलत्या गल्लीत नेलं असेल, तर ते रोजचंच.

आईला सांगा जेवण बरं असतं.

प्रज्ञेश


रविवार, ९ जून २०२४

बाबा,

तुमचं पाकीट काल रसदीच्या गाडीतून आलं. गाडीवाल्याचं ऐकून पोपट म्हणाला, “पुन्याहून हाय, घरचं हाय.” मी ते घेऊन पितळी खुणेच्या खडकापर्यंत चालत गेलो, मग फोडलं. आत माझंच पत्र.

वर्षभरानं तुमचं अक्षर बघितलं, तेही लाल पेन्सिलीतलं. खुशाली नाही, आशीर्वाद नाही, ‘चि.’ सुद्धा नाही. दोन गोल आणि दोन शेरे. पाकिटाच्या आतल्या बाजूला आईनं पेनानं घाईघाईत लिहिलंय, ‘स्वेटर घालतोस का’. ते तुम्हाला माहीत नसेल तर तिला बोलू नका.

आधी मी रागावलो. म्हटलं, हा माणूस मुलाचं पत्र वाचत नाही, तपासतो. पत्राचा बोळा केला. मग उलगडला, कारण दुसरा कागद नव्हता तुमच्या हातचा.

पहिला गोल: ‘दार दक्षिणेला. लाली उत्तरेला. पाहिलंस की ऐकलंस?’

ऐकलं. पोपटनं उठवलं हे खरं, मी शिवी देऊन कूस बदलली हेही खरं. सकाळी सगळे त्याच्याबद्दल बोलत होते आणि मी एकटाच झोपलेला. म्हणून पाहिलं असं लिहिलं. भट्टीच्या झाकणाचं तर माझं मीच घातलं.

दुसरा गोल दोन्ही आकड्यांना मिळून: ‘दोन वेळचं माप शेवटच्या आकड्यापर्यंत कधीही सारखं येत नाही. चौतीस वर्षांत मला आलं नाही. त्यातून मशीन दिवसभर नाचत होतं म्हणतोस. संध्याकाळचं माप कुणी घेतलं?’

कुणीच नाही घेतलं, बाबा.

केदार सर इंजिनियर आहेत. त्यांनी वही बघितली, सही केली. कंपनीच्या मोठ्या साहेबांनी बघितली. कुणाला दिसलं नाही. तुम्ही बिबवेवाडीत खुर्चीत बसून बघितलंत.

आता सगळं लिहितो. शनिवारी स्क्रीनवर सारखं फ्लोट येत होतं. नियम असा की थांबायचं, नाहीच आलं फिक्स तर त्या दिवशी काम बंद. सर नव्हते, मला दाखवायचं होतं की त्यांच्यावाचून मी दिवस काढू शकतो. पहिल्या खुंटीला पंचवीस मिनिटं उभा राहिलो. वारा कानात घुसत होता, पाय आपोआप हलत होते. मग म्हटलं, जाऊ दे, एवढ्यातेवढ्यानं काय होतंय. चौदाच्या चौदा खुंट्या फ्लोटवर ठोकल्या आणि वहीत चौदा वेळा ‘फिक्स’ लिहिलं. पोपटला वाचता येत नाही, त्याला यात ओढू नका. संध्याकाळी खुणेपर्यंत अर्धा तास चढ होता. गेलो नाही. वरचाच आकडा खाली उतरवला.

गेलो असतो तर? आकडा चुकलेला दिसला असता, रविवारी पाया खणला नसता. वादळ सूर्याचं होतं हे खरं. पाट मी तोडला.

त्या म्हातारीला सगळे आबी म्हणतात, आबी म्हणजे आजी. तिचं जवाचं शेत आहे, आपल्या क्वार्टरपुढच्या अंगणाएवढं. वरच्या बर्फाचं पाणी दगडी पाटानं यायचं. आता ते आमच्या खड्ड्यात पडतं आणि मुरतं. काम पुढं सरकलं, नवी रेषा आखली, खड्डा तसाच. कंपनी म्हणते नैसर्गिक कारणानं झालेलं नुकसान आमच्या कामात बसत नाही. ती रोज दोन पत्र्याचे डबे घेऊन ओढ्यावर जाते. परवा मी एक डबा उचलायला गेलो, तर तिनं मोडक्या हिंदीत विचारलं, “तुम्हारा साब बोला, सूरज ने तोड़ा. सूरज तो मेरा जौ पकाता है. वो नहर क्यों तोड़ेगा?” मी डबा उचलून चालायला लागलो. तिच्या घरात बुद्धाची मूर्ती आहे, पुढं दिवा. मी सांगितलं आम्हीपण बौद्ध. ती इतकी खूश झाली, की मला बसवून लोण्याचा खारट चहा दिला. तो चहा मी अर्धाच प्यायलो, आणि त्याचं कारण मीठ नव्हतं.

पेढ्यांचंही लिहून टाकतो, नाहीतर तुम्ही तिथंही गोल कराल. तुम्ही माझ्यासाठी १७ नंबरचा फॉर्म भरलात, बाहेरून दहावी. मी सात दिवस सकाळी हॉल तिकीट खिशात घालून निघालो आणि स्वारगेटला डेपोत जाऊन बसलो. वर्गात तीन तास बसवत नाही म्हणून शाळा सोडलेला मुलगा, पण तिथं बाकावर तीन-तीन तास बसायचो. साताऱ्याच्या गाड्या मोजायचो. निकालाच्या दिवशी तुम्ही विचारलंत, मी म्हणालो अडुसष्ट टक्के. तुम्ही चप्पल घातलीत, दोन किलो पेढे घेतलेत आणि थेट फॅक्टरीत, तुमच्या सेक्शनला गेलात. आयुष्यभर प्रत्येक नग तपासून शिक्का मारणाऱ्या माणसानं तेवढं एक तपासलं नाही. तिथल्या कुणाच्या तरी मुलानं मोबाइलवर माझा परीक्षेचा नंबर टाकला आणि ‘गैरहजर’ आलं. तुमच्या निरोपसमारंभातसुद्धा कुणीतरी ओरडलं म्हणे, “ओव्हाळ, पेढे तपासून आणलेत ना?” हे ताईनं सांगितलं. 

केदार सरांना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर काम जाईल. इथं मला पहिल्यांदा कुणी तरी मशीन हातात दिलंय.

सोमवार, १० जून, सकाळी

रात्री हे पत्र उशाशी ठेवलं. आता असं ठरवलंय. रसदीची गाडी दुपारी एकला परत निघते. त्याआधी सरांना सांगेन. सांगितलं तरच हे पाकीट गाडीत टाकीन. म्हणजे हे तुमच्या हातात असेल तर समजा, मी सांगितलं.

प्रज्ञेश


शुक्रवार, २१ जून २०२४

बाबा,

पाकीट पोचलं असेल, म्हणजे तुम्हाला अर्धं कळलंय. उरलेलं लिहितो.

साडेबारा वाजले तरी मी नुसता तंबूभोवती फिरत होतो. पोपट म्हणाला, “आरं काय घिरट्या घालतोयस, पोटात दुकतंय का?” गाडीवाल्यानं हॉर्न दिला तेव्हा आत शिरलो. सर मॅगी खात होते. मी वही त्यांच्या ताटाशेजारी ठेवली आणि दोन्ही आकड्यांवर बोट ठेवलं. म्हटलं, “सर, संध्याकाळचं मी घेतलेलं नाही. उतरवलंय. आणि चौदापैकी एकही फिक्स नव्हतं.”

त्यांनी चष्मा लावला. खूप वेळ बघितलं. मग म्हणाले, “म्हणजे सूर्य पंधरा कोटी किलोमीटरवरून आला, आणि त्यानं तुझ्या अक्षरात वहीत लिहिलं?”

मी वहीवरचं बोट काढलं.

“कुणाला कळलं हे? तुला एकदम सद्‌बुद्धी सुचली असं मला सांगू नकोस. मी पुण्याचा आहे.”

“वडिलांना कळलं. पत्रावरून.”

“काय करतात वडील?”

“फॅक्टरीत तपासनीस होते. खडकीला.”

सरांनी मॅगी बाजूला सारली. त्यांची सही बघत होते, तारखेसकट. म्हणाले, “ओव्हाळ, आम्ही पेठेतली माणसं दुसऱ्याची चूक लांबून ओळखतो. स्वतःची समोर आली की काय करायचं, ते आमच्या आळीत कुणी शिकवलं नाही.” मग बाहेर जाऊन गाडी थांबवली आणि मला म्हणाले, “जा, ते पाकीट टाक आधी.” मी सांगितलं नव्हतं पाकिटाबद्दल. बहुतेक हातातच होतं.

त्यांनी नवा रिपोर्ट लिहिला. वादळ होतं, पण तपासणी घेतली नव्हती. दोघांची नावं, त्यांचं आधी. रेंजपर्यंत जाऊन सरांनी फोन केला, तर मोठे साहेब इतके ओरडले, की फोन कानापासून हातभर लांब धरूनही ऐकू येत होतं. शेवटी ठरलं की पाट कंपनीच बांधून देणार. मला सर्वेवरून काढलं. पाट पुरा होईपर्यंत फावडं, मग सुट्टी.

नऊ दिवस लागले. खड्डा बुजवायचा, दगड बसवायचे, फटीत माती ठोकायची. उतार नेमका हवा, नाहीतर पाणी उलटं फिरतं. उतार आखायच्या दिवशी सरांनी पोल माझ्या हातात दिला. “शेवटचा,” म्हणाले. “आणि घाई केलीस तर तुला इथंच गाडीन, खुंटीसारखा.” सकाळी पितळी टिकलीवर टेकवला, ४१८७.२३१. मग पाटाच्या कडेनं प्रत्येक ठिकाणी उभा राहिलो. एका जागी चाळीस मिनिटं फिक्स येईना, समोरचा कडा आडवा येत होता. पाय हलायला लागले, की मी स्वारगेटच्या गाड्या आठवायचो. संध्याकाळी अर्धा तास चढून परत टिकलीवर गेलो. ४१८७.२३८.

सात मिलिमीटरचा फरक आहे, बाबा. पोपटला दाखवला तर म्हणतो, “चुकलं म्हनायचं की काय?” मी म्हटलं, नाही रे, बरोबर आलंय.

आबीला सगळं सांगायचं होतं. सर म्हणाले, तू सांग. मी स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणालो, “सूरज ने नहीं. मैंने.” तिनं माझ्याकडं बघितलं, मग वर सूर्याकडं, आणि तिच्या भाषेत त्याला काहीतरी म्हणाली. माफी मागत असावी. इतके दिवस तिनंही त्याच्यावर थोडा संशय घेतला असणार. मला मात्र चहासुद्धा दिला नाही. काल पाणी सुटलं तेव्हा ती पाटाच्या कडेनं पाण्याबरोबर चालत गेली, थेट शेतापर्यंत. निम्मं जव वाचेल म्हणते. उरलेलं निम्मं पिवळं पडलंय. ते मी रोज तंबूतून बघतो.

प्रज्ञेश


सोमवार, ८ जुलै २०२४
लेह

बाबा,

तुमचं दुसरं पाकीट मला लेहला येऊन मिळालं, केदार सरांनी मुद्दाम गाडीबरोबर पाठवलं. परत माझंच पत्र, नऊ जूनचं. उलटून-पालटून बघितलं. फ्लोटवर गोल नाही. वहीवर गोल नाही. पेढ्यांपाशी पेन्सिल टेकवून उचलल्याचा एक ठिपका आहे फक्त. आणि एकच गोल, ‘सात दिवस’ या शब्दांभोवती. शेजारी: ‘पेपर नऊ होते.’

मला वाटलं होतं हे तरी सुटेल.

उरलेले दोन दिवस मी स्वारगेटला नव्हतो. गणिताचे होते ते दोन्ही पेपर. त्या दोन दिवशी मी खडकीतच होतो, फॅक्टरीच्या गेटसमोर, रस्त्याच्या पलीकडं. तुम्हाला सांगायला आलो होतो की मी पेपरला बसत नाहीये. पहिल्या दिवशी गर्दीत तुम्ही दिसलाच नाहीत. दुसऱ्या दिवशी दिसलात. पिशवी खांद्याला, सोबत चार जण. तुम्ही माझ्यापासून दहा पावलांवरून गेलात. कुणाला तरी सांगत होतात, “पोराचा आज गणिताचा दुसरा आहे. भूमिती त्याची चांगली आहे, लहानपणी माझ्या पट्टीनं घर मोजत बसायचा.” आणि हसलात. तसं हसताना मी तुम्हाला घरात फार बघितलेलं नाही. मी विजेच्या खांबाच्या मागं सरकलो.

हे मी लपवलं, कारण ते सांगितलं तर मी आलो होतो याचं कौतुक मागितल्यासारखं झालं असतं. येऊन सांगितलं नाहीच ना.

आता नऊ भरले.

परवा इथून जम्मूची गाडी आहे, तिथून झेलम एक्सप्रेस पकडतो. पुढच्या आठवड्यात पुणे. स्टेशनवरून बिबवेवाडीला यायचं तर स्वारगेटला बस बदलावीच लागेल, पण तिथं बसणार नाही. ताईकडून कळलं की १७ नंबरचे फॉर्म लवकरच निघतील. या वेळी मी स्वतः भरीन. भरून झाल्यावर तुम्ही तपासा. आणि निकालाच्या दिवशी नंबर तुम्हीच टाका, माझ्याकडं बघू नका.

सोबत वहीतलं एक पान आहे, सरांनी फाडून दिलं. उतार आखला त्या दिवशीचे दोन्ही आकडे, माझ्या अक्षरात, खाली त्यांची सही. ते ठेवा.

या पत्रातही कुठं लाल गोल करावा लागेल. करा. पण या वेळी पोस्टात टाकू नका. मी येतोय, समोर बसवून दाखवा.

प्रज्ञेश

आईला सांगा, स्वेटर घालतो.